रिकामा ग्लास, रिकामं ताट

मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत पिणारे पुष्कळ आहेत, पण पिऊनही सभ्य म्हणवून घेणारा मी एकटाच. निदान गेल्या जानेवारीपर्यंत माझी तशी समजूत होती. शनिवारी दोन पेग, सोबत खारे शेंगदाणे, तेही दार लावून. रिकामी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळायची, पिशवीत घालायची आणि सोमवारी सकाळी फिरायला जाताना लांबच्या कचराकुंडीत टाकायची. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला कुठल्या वाटेनं जावं हे कळतंच. आमच्या मंडळींना ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही.

अशात एका संध्याकाळी समोरच्या घरातले सखाराम हिवराळे आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"सर, रविवारी सांजच्याला जेवायला या आमच्याकडं," ते म्हणाले. मी हो म्हणणार एवढ्यात त्यांचं पुढचं वाक्य आलं. "पिणारा माणूस पाहिजे. आमच्यात कुणी नाय."

मी आधी गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. मग विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भामानं," ते शांतपणे म्हणाले. "तुमची पिशवी सोमवारी वाजती म्हणं."

भामाबाई म्हणजे त्यांची बायको. तिला माहीत म्हणजे अख्ख्या गल्लीला माहीत. मी रागवायचं ठरवलं होतं, पण सखारामभाऊंच्या समोर रागवता येत नाही. माणूस इतका नीटनेटका उभा राहतो की आपणच शर्टाची बटणं चाचपतो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी त्यांची पाठ अजून हॉटेलच्या नोकरीतच आहे.

चिकलठाण्याच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात त्यांनी एकतीस वर्षं काढली. अजिंठा-वेरूळ बघायला आलेले परदेशी पाहुणे तिथं उतरत. सखारामभाऊ लागले ते उष्टी ताटं उचलायला. दहा वर्षं तेच काम. पुढं ते वाइन वाढणारे झाले, पांढरा कोट, हातावर रुमाल. पाहुणा विचारायचा, या जेवणाबरोबर कुठली घेऊ? सखारामभाऊ सांगायचे आणि त्यांचं सांगणं चुकायचं नाही. फ्रान्सचे लोक जाताना त्यांचा हात हातात घेऊन जायचे म्हणे. आणि गंमत अशी, की या माणसानं आयुष्यात वाइनचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता.

कारण घरातलंच होतं. त्यांचे वडील दारूनं गेले. त्यांची राख सावडून आल्यावर एकवीस वर्षांच्या सखारामभाऊंनी विहारात जाऊन पंचशील घेतलं. त्याआधीही ते दर रविवारी म्हणायचेच, पण त्या दिवशी पाचवं शील म्हणताना आपला आवाज आपल्यालाच ऐकू आला, असं ते सांगतात. पाचवं शील म्हणजे मद्यापासून दूर राहणं. ते त्यांनी पाळलं.

मग वाइन कळायची कशी? मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, "उष्ट्यावरून." दहा वर्षं ताटं उचलताना त्यांना एक गोष्ट दिसली होती. पाहुणा तोंडानं 'छान, छान' म्हणतो, त्याला अर्थ नाही. ताट चाटून पुसून आलं आणि ग्लास भरलेला राहिला, तर जोडी जमली नाही. ग्लास संपला आणि ताट तसंच, तरी जमली नाही. दोन्ही एकदमच रिकामे आले तर जमली. स्वयंपाकघरात त्यांचे जोडीदार होते मुबारकभाई, तिथले मोठे आचारी. तेही कधी न प्यायलेले, त्यांच्या धर्मामुळं. सखारामभाऊ ताटं घेऊन खिडकीशी जायचे आणि सांगायचे, "आठ नंबरची लाल तशीच राहिली." मुबारकभाई दुसऱ्या दिवशी मसाला कमी करून बघायचे. असं करत दोन न पिणाऱ्या माणसांनी एकवीस वर्षं सगळ्या जगाला काय प्यायचं ते सांगितलं. मी हे ऐकून हसलो होतो. आता हसत नाही.

तर रविवारचं जेवण होतं त्यांच्या लेकीसाठी.

मेघा माझी विद्यार्थिनी. नकाशात नद्या भरताना जीभ बाहेर काढायची. परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकली आणि नोकरी लागली नाशिककडं, एका वाइन करणाऱ्या कंपनीत. त्या बातमीनं घरात काय झालं ते गल्लीनं पाहिलं. भामाबाईंचा सख्खा भाऊ दारूनं गेलेला. गल्लीच्या तोंडाशी गुत्ता निघाला होता तेव्हा बायका घेऊन पुढं उभ्या राहिल्या होत्या त्या भामाबाईच. त्यांची लेक दारू गाळणार! त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त लेकीच्या कामाबद्दल बोलणं बंद केलं. तीन वर्षं रोज फोन व्हायचा. "जेवलीस का? काय जेवलीस? ठेव मग." कामाचा एक शब्द नाही.

त्या पोरीनं दोन वर्षं खपून एका पिंपात स्वतःची वाइन केली होती. द्राक्षाचा तुकडा तिनं निवडलेला, तोडणीचा दिवस तिनं ठरवलेला. तिच्या साहेबांनी चव घेतली आणि म्हणाले, ही धुरकट आहे, तुरट आहे, एकटी चालायची नाही. हिला कशाबरोबर प्यायची ते सोमवारी येऊन सांग, नाहीतर मंगळवारी मोठ्या टाकीत ओतू. मोठ्या टाकीत ओतणं म्हणजे बाकीच्या वीस पिंपांत मिसळणं. मग ती तिची राहत नाही, कुणाचीच राहत नाही. मेघानं साहेबांच्या यादीतलं सगळं करून पाहिलं होतं, चीज, भाजलेलं मटण, मशरूम. कशाशीच धड जमेना. बापाला आधी फोन करून शनिवारी संध्याकाळी ती एक बिनलेबलची बाटली पिशवीत घालून बसमध्ये बसली आणि बापाकडं आली.

रविवारी मी गेलो तेव्हा दिवस नुकता मावळला होता. आमची मंडळी बहिणीकडं पैठणला गेली होती, त्यामुळं विचारायला कुणी नव्हतं. जेवणाची मांडामांड अंगणात होती. उंबऱ्याच्या आत बाटली यायची नाही, ही भामाबाईंची अट. त्यात नेमकी पौर्णिमा. त्या पांढरी साडी नेसून अंगणातल्या चुलीशी बसल्या होत्या. पौर्णिमेला ते दोघं मटणाला शिवत नाहीत, म्हणून आपल्यापुरती वांगी त्या निखाऱ्यात भाजत होत्या. माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "या सर. आज पिशवी नाय आणली?"

मुबारकभाई किराडपुऱ्याहून कलियाचं पातेलं आणि गरम नान घेऊन आले होते. त्यांचं स्टूल माठाशेजारी, बाटलीपासून लांब. हातात चहाचा कप.

"सर, शर्माते कायको?" ते म्हणाले. "तुम पीव, हम देखतै."

मेघा बाटली घेऊन बापासमोर उभी होती. डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. "बाबा, एक घोट. गिळू नका, थुंकून टाका. आम्ही सगळे तसंच करतो. फक्त सांगा, ठेवण्यासारखी आहे का."

सखारामभाऊंनी ग्लासात दोन बोटं वाइन ओतली, ग्लास गोल फिरवला आणि नाक आत घातलं. बराच वेळ ते तसेच होते. "जांभूळ," ते म्हणाले. "मिरी. आन् धूर." मग ग्लास खाली ठेवला. "तोंडात नाय घ्यायचा मी, मेघा."

"जगातल्या सगळ्यांसाठी बाटल्या उघडल्या तुम्ही," मेघा म्हणाली. आवाज खाली. "माझी एक जिभेवर ठेवता येत नाही. आईला तर लाजच वाटते माझी. तुम्हालाही वाटते ना?"

चुलीशी भामाबाई वांगं उलटत होत्या. त्यांचा हात थांबला. सखारामभाऊ आत गेले आणि पाच मिनिटांनी बाहेर आले ते पांढरा कोट घालून. कोट खांद्यात सैल झाला होता. हातावर घडी घातलेला रुमाल. माझ्यामागं येऊन म्हणाले, "बसा, सर."

इतक्या इतमामानं मला आयुष्यात कुणी पाजली नव्हती. त्या थाटात माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सोडा आहे का? आणि खारे शेंगदाणे?"

मेघानं कपाळाला हात लावला. मुबारकभाई चहा सांडेपर्यंत हसले. सखारामभाऊंनी मात्र एकतीस वर्षांत असे पाहुणे पाहिले होते. "आज नुसतीच घ्या, सर," ते म्हणाले. "आन् सावकाश. कुणी येत नाय बघायला."

पहिला घोट घेतला. खरं सांगतो, मला आवडली नाही. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तशी जीभ आवळली. पण समोर पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी डोळे मिटून मान डोलावली.

मग कलिया आला. मुबारकभाईंचा कलिया म्हणजे काय सांगावं, हळदीच्या रंगाची तर्री, बोटानं सुटणारं मटण, वर तसाच तांबूस नान. मी नान मोडून तर्रीत बुडवला, घास घेतला आणि वर वाइनचा घोट. तोंडात भांडण लागलं. कलिया जास्तच तिखट लागायला लागला आणि वाइन औषधासारखी कडू. पण एकीकडं मुबारकभाई बसलेले, एकीकडं मेघा. कुणाचं मन मोडू? मी म्हणालो, "वा! क्या बात है! ही वाइन या कलियासाठीच जन्माला आली!" आणि मग मास्तर असल्यामुळं पुढंही बोललो. जमीन, हवामान, गोदावरीचं खोरं, द्राक्षाची मुळं. दहा मिनिटं तरी बोललो असेन.

मेघाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. "खरंच, सर? मग मी उद्या हेच सांगते साहेबांना."

"डोळे मिटून सांग," मी म्हणालो. आज आठवलं की मान खाली जाते.

एवढं बोलून घसा कोरडा पडला होता आणि ग्लासाला हात लावायची इच्छा नव्हती. तेवढ्यात शेजारी भामाबाईंनी आपल्या ताटात भरीत घेतलं. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, ठेचून, त्यात करपेपर्यंत तळलेला लसूण, वरून शेंगदाण्याचं कच्चं तेल. मिरची अगदी नावाला, कारण सखारामभाऊंना आता तिखट सोसत नाही. मी वासानंच वळलो.

"वहिनी, जरा चवीपुरतं?"

"घ्या की. मटण सोडून वांग्याला लागले, सर लई शाने झाले आज." त्यांनी ज्वारीची अर्धी भाकरी आणि भरिताचा गोळा माझ्या ताटात टाकला.

मी खायला लागलो. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण माझं लक्षच नव्हतं. मी मुबारकभाईंशी जुन्या रेल्वे फाटकाबद्दल बोलत होतो. भाकरीचा तुकडा, भरीत, एक घोट. पुन्हा भाकरी. मध्येच दुसरा गोळा ताटात आला. मागून रुमालाचा हात यायचा आणि ग्लासात थोडी पडायची. जीभ आवळत नव्हती. उलट घासागणिक पुढचा घास हवासा वाटत होता.

गप्पा संपल्या तेव्हा सखारामभाऊ समोर आले. "सर, कशाबरोबर लागली चांगली?"

"सांगितलं ना, कलियाबरोबर! प्रश्नच नाही."

त्यांनी माझ्यासमोरचं ताट उचललं आणि दिव्याखाली धरलं. कलियाची वाटी तशीच होती, तर्रीवर साय धरलेली. भरिताची जागा भाकरीनं पुसून घेतलेली, लसणाची एक पाकळीही शिल्लक नव्हती. मग त्यांनी ग्लास धरला. कोरडा.

"तीनदा भरला," ते म्हणाले. "पैला कलियासंगं दिला, तो वीस मिनिटं हालला नाय. भरीत आलं आन् तिथून पुढं सगळं खाली. सर, तुमचं तोंड भिडस्त आहे. गलास नाय."

मुबारकभाईंकडं बघायची सोय नव्हती. पण तेच स्टुलावरून उठले, आपल्या कलियाच्या वाटीत डोकावले आणि म्हणाले, "सही बोल्तै सखाराम. मेरे को तो तबीच दिख गया था. पन सर इत्ता अच्छा बोल रहे थे, रोकनेका दिल नै हुआ."

मेघा खाली बसली. आईच्या ताटातलं भरीत चिमूटभर घेतलं, भाकरीला लावलं, तोंडात टाकलं आणि मग घोट घेतला. थुंकायला शेजारी वाटी ठेवली होती तिकडं तिचा हात गेला नाही. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"धुराला धूर," ती म्हणाली. "दोन वर्षं मी हा धूर काढून टाकायला बघत होते, बाबा. आईच्या चुलीचा वास आहे हा."

सखारामभाऊ कोट घालूनच तिच्याशेजारी जमिनीवर टेकले. "मी तोंडात घेतली असती तर माझ्यापुरतं कळलं असतं," ते म्हणाले. "ते बी खरं सांगितलं असतं का नाय, काय भरवसा? तू लेक आहेस. मला गोडच लागली असती." मग म्हणाले, "एकवीस वर्षं पोटासाठी बाटल्या उघडल्या. आज पैल्यांदा हात थरथरला माझा. लाज कशाची गं?"

मेघानं त्यांच्या सैल कोटात तोंड लपवलं. भामाबाई उठल्या, सगळ्यांची ताटं गोळा केली आणि मोरीकडं गेल्या. माझा ग्लास उचलताना त्यांनी तो घटकाभर नाकाशी धरलेला मी पाहिला. पण मी तेव्हा काहीच बोलण्याच्या लायकीचा नव्हतो. त्या तशाच आत निघून गेल्या. सकाळी मेघा बसला गेली तेव्हाही त्या "पोचल्यावर जेव" एवढंच म्हणाल्या.

सोमवारी मेघानं साहेबांसमोर वांगं भाजलं. कंपनीच्या मागच्या बाजूला, विटा मांडून. साहेबांनी काय म्हटलं ते तिनं सांगितलं नाही. पण पिंप टाकीत ओतलं गेलं नाही.

दिवाळीच्या आधी एक खोका आला. त्या दिवशी मी सखारामभाऊंच्या ओट्यावरच बसलो होतो. आत दोन बाटल्या होत्या, काळ्या लेबलाच्या, आणि एक चिठ्ठी, 'बाटलीची मागची बाजू आईला वाचायला सांगा.'

भामाबाई धुणं वाळत घालत होत्या. प्रौढ वर्गात शिकल्यामुळं त्या वाचतात, पण बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडून. त्यांनी ओले हात पुसले आणि नाइलाजानं बाटली घेतली. ओट्यावर सावली होती, अक्षरं बारीक. त्या डोळे बारीक करत उजेडाच्या शोधात आत गेल्या, ट्यूबलाइटखाली. उंबरा ओलांडून. बाटलीसकट.

मी तोंड उघडलं. सखारामभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

आतून आवाज येत होता. "नि-खा-ऱ्या-व-र... निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आन् ज्वारीची भाकरी... यासोबत घ्यावी." मग बराच वेळ काही नाही. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी न अडखळता. ओट्यावर आम्ही दोघं म्हातारे श्वास धरून बसलो होतो. सखारामभाऊंचे डोळे भरले होते, आणि माझेही, ते कशाला लपवू.

भामाबाई बाहेर आल्या त्या रागातच. बाटली काखेत.

"मेघाला फोन लावा," त्या म्हणाल्या.

सखारामभाऊंनी लावला. पलीकडून "हां आई" ऐकू आलं. रोजचं "जेवलीस का" आलंच नाही.

"अगं, लसूण कुठं लिहिलाय?" भामाबाई म्हणाल्या. "काळा होस्तोवर तळायचा, ते लिव्हायला नको? आन् शेंगदाण्याचं तेल वरून, कच्चं. असं अर्धवट सांगून कसं व्हईल? लोकं करतील कसंबी आन् नाव ठेवतील तुझ्या वाइनला. घे, लिहून घे."